१८६३ सालचं पान



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाचन-लेखन दोन्ही बंद होतं. आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. तेव्हा पहिल्यांदा उघडली ती माझी "सालांची वही".

घरच्या मंडळींना ही वही माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मी शाळेत मराठी आणि इतिहास हे दोन विषय शिकवत असे. पाठ्यपुस्तकात इतिहास देशवार असतो. आधी आपला, मग इंग्लंडचा, मग अमेरिकेचा, असे वेगवेगळे धडे. एका धड्यातल्या माणसाला दुसऱ्या धड्यातल्या माणसाचा पत्ताच नसतो. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, हाच इतिहास सालवार मांडला तर कसा दिसेल? मग दोनशे पानी वही घेतली, एकेका पानाच्या डोक्यावर एकेक साल लिहिलं, आणि वाचताना जी तारीख सापडेल ती त्या पानावर टिपायला लागले. काही पानं अजून कोरी आहेत, काहींना चिठ्ठ्या जोडाव्या लागल्या आहेत.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या लागल्या आहेत त्या १८६३ च्या पानाला. आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळ्या रेल्वेच्या आहेत.

रेल्वेचं साल म्हटलं की आपल्याला एकच आठवतं, १८५३. सोळा एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं. मी स्वतः तीसेक वर्षं मुलांकडून हे घोकून घेतलं आहे. पण खरं सांगू का, बोरीबंदर ते ठाणे हा सपाट रस्ता. रेल्वेची खरी परीक्षा पुढे होती, जमिनीच्या पोटात आणि डोंगराच्या छातीवर. ती परीक्षा जगात तीन ठिकाणी साधारण एकाच वेळी दिली गेली. पान वाचायला घेऊ या.

पानावरची पहिली नोंद आहे ८ जानेवारी १८६३ ची. जागा अमेरिकेतलं सॅक्रामेंटो, म्हणजे पार पश्चिमेकडचा कॅलिफोर्निया. तिथे त्या दिवशी सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या कामाचा मुहूर्त झाला. पावसाने इतका चिखल केला होता की लोकांना उभं राहण्यासाठी गवताच्या पेंढ्या टाकाव्या लागल्या. गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्डने फावड्याने माती टाकली. पूर्वेकडून येणारी एक रेल्वे आणि पश्चिमेकडून जाणारी ही रेल्वे मध्ये कुठेतरी भेटायची, आणि सबंध खंड रुळांनी जोडायचं, असा तो बेत. त्या वेळी त्या देशात यादवी युद्ध चालू होतं. घर पेटलेलं असताना अंगणात मांडव घालायला घेतला, असंच म्हणायचं!

दुसरी नोंद बरोबर दोन दिवसांनंतरची. १० जानेवारी १८६३, लंडन. जगातली पहिली भुयारी रेल्वे लोकांसाठी सुरू झाली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, जेमतेम पावणेचार मैल. पहिल्याच दिवशी अडतीस हजारांच्या आसपास माणसं त्यात बसली. भुयार म्हणजे उंदरासारखं आतून पोखरून केलेलं नव्हे हं. आधी वरचा रस्ता उकरायचा, खोल चर खणायचा, दोन्ही बाजूंनी भिंती उभारून वर विटांची कमान घालायची, आणि मग माती लोटून पुन्हा रस्ता करायचा. डब्यात गॅसचे दिवे, आणि पुढे चक्क वाफेचं इंजिन! धुराचं काय करायचं या प्रश्नावर फाउलर नावाच्या इंजिनिअरने धूर न सोडणारं इंजिन करून पाहिलं, ते काही चाललं नाही. मग वाफ पाण्याच्या टाकीत सोडून थंड करणारी इंजिनं आली. तरी धूर होताच. त्या वेळचे पंतप्रधान पामरस्टन अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. उद्घाटनाच्या मेजवानीचं आमंत्रण त्यांनी नाकारलं, आणि "या वयात जितके दिवस जमिनीच्या वर राहता येईल तितकं बरं" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले, असं सांगतात. माझं वय आता त्यांच्या जवळपास आलं आहे, त्यामुळे मला त्यांचं म्हणणं पटतं.

तिसरी नोंद आपल्या घरची. २१ एप्रिल १८६३. बोरघाटाची रेल्वे तयार झाली आणि मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी खंडाळ्याला समारंभाने तिचं उद्घाटन केलं.

या नोंदीपाशी मी थोडी थांबणार आहे.

आपण पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळा-खंडाळा गेलं की खिडकीकडे सरकतो, बोगदे मोजतो, पावसाळ्यात धबधबे दिसले की लहान मुलासारखे ओरडतो, आणि कर्जत आलं की वडे घेतो. घाट चढताना कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मात्र मागच्या इंजिनाशिवाय घाट चढते. लेकीकडे जाताना मी मुद्दाम त्या गाडीने गेले.) पण हा घाट म्हणजे काय प्रकरण होतं, हे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ. काही ठिकाणी तर दर सदतीस फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. यंत्रं जवळजवळ नाहीत. पहार, सुरुंगाची दारू आणि डोक्यावरची पाटी, एवढ्यावर काम. काही कड्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे माणसांना वरून दोरांनी खाली सोडत, आणि ती तशी लोंबकळत दगडात भोकं पाडत.

घाट व्हायच्या आधी गंमतशीर परिस्थिती होती. खालची रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली होती, आणि वर खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये सुरू झाली होती. पुढे १८६० मध्ये ती सोलापूरपर्यंतही गेली. पण मधला घाट तसाच! म्हणजे मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरणार, मग पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढणार, आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसणार. माल असेल तर त्याची उतरवाउतरव वेगळी.

आणि माल म्हणजे मुख्यतः कापूस. इथे माझ्या वहीचा उपयोग होतो पाहा. अमेरिकेच्या धड्यात आपण शिकवतो की १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. आपल्या धड्यात शिकवतो की त्याच सुमाराला मुंबईत पैशाचा पाऊस पडला. दोन्ही एकाच पानावर लिहिलं की कळतं, तिकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईत शेअरांचा असा सट्टा चालला की विचारू नका, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला. १८६३ साल हे नेमकं त्या तेजीच्या ऐन मधलं. घाटावरच्या कापसाला बंदरावर पोचायची किती घाई असेल, याची कल्पना करा.

घाटातल्या एका जागेची गोष्ट घरच्यांनी अनेकदा ऐकली आहे, तरी सांगते. डोंगर इतका उभा, की एका ठिकाणी गाडीला वळायलाच जागा नव्हती. म्हणून तिथे "रिव्हर्सिंग स्टेशन" केलं. गाडी तिथे थांबायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं, आणि गाडी उलट दिशेने निघायची. आमची माई, म्हणजे माझी आजी, सोलापूरकडची. लग्न होऊन पहिल्यांदा मुंबईला निघाली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. वाटभर रडत होती. रिव्हर्सिंगला गाडी थांबली आणि आली त्याच बाजूला तोंड करून चालायला लागली. माईला वाटलं गाडी परत माहेरी निघाली! तिने डोळे पुसले, केस सारखे केले आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसली. आजोबा काही बोलले नाहीत. कर्जत आल्यावर तिला कळलं. हे ती आम्हाला ऐंशीव्या वर्षी सांगत असे, आणि सांगताना हसत असे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते रिव्हर्सिंग बंद पडलं, त्यामुळे मी काही ते पाहिलेलं नाही. असो.

या पानावर बारीकसारीक नोंदीही पुष्कळ आहेत. उदाहरणार्थ रुळांची रुंदी. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. आपल्याकडे डलहौसीने साडेपाच फुटांची रुंदी ठरवली होती. लंडनच्या भुयारात सुरुवातीला ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या सात फुटी गाड्या धावल्या, पण ऑगस्टमध्ये भांडण होऊन त्या कंपनीने आपल्या गाड्या काढून घेतल्या, आणि मग दुसऱ्या कंपनीकडून उसनवारीने चार फूट साडेआठ इंची गाड्या आणाव्या लागल्या. अमेरिकेत खुद्द अध्यक्ष लिंकन यांनी जानेवारीत पाच फूट रुंदी ठरवली, आणि मार्चमध्ये तिथल्या संसदेने ती रद्द करून चार फूट साडेआठ इंच केली. न्यूझीलंडमध्ये पहिली आगगाडी १ डिसेंबर १८६३ ला फेरीमीड ते क्राइस्टचर्च धावली, ती पाच फूट तीन इंचावर!

याच सालच्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सरकारने वीस हजारांहून जास्त सैनिक सुमारे बाराशे मैल रेल्वेने दोनेक आठवड्यांत हलवले. लढाईची रीतच त्याने बदलली. नोव्हेंबरच्या १८ तारखेला लिंकन रेल्वेने गेटिसबर्गला गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दोन-तीन मिनिटांचं भाषण केलं, जे अजून जगभर पाठ करतात.

एवढं सगळं वहीत लिहून झाल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि तीच सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे. तारखांच्या बाजूला मी माणसांची नावं लिहिते, आणि नावांपुढे कंसात जन्म-मृत्यूची सालं. ती सालं लिहिताना हात थांबला.

लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी सगळ्यात जास्त कोण झिजलं असेल, तर चार्ल्स पिअर्सन. हा इंजिनिअर नव्हे, लंडन शहराच्या महापालिकेचा वकील. १८४५ पासून तो हा विचार मांडत होता. त्याचं म्हणणं असं, की गरीब माणूस कोंदट गल्ल्यांत राहतो कारण त्याला कामावर चालत जावं लागतं. स्वस्त गाडी मिळाली तर तो गावाबाहेर मोकळ्या हवेत राहील. लोक हसले, पैसे उभे राहिनात, तेव्हा याने महापालिकेला दोन लाख पौंड गुंतवायला लावले. तो वारला १४ सप्टेंबर १८६२ ला. गाडी सुरू व्हायला चार महिने बाकी होते.

बोरघाटाची आखणी केली जेम्स जॉन बर्कले यांनी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे हे मुख्य इंजिनिअर १८५० मध्ये इथे आले, ठाण्याची पहिली गाडी यांनीच चालती केली. घाटाची वाट शोधण्यासाठी वर्षानुवर्षं मोजणी केली. तब्येत ढासळली म्हणून इंग्लंडला परत गेले आणि २५ ऑगस्ट १८६२ ला वारले. वय बेचाळीस. घाटाच्या उद्घाटनाला आठ महिने बाकी होते.

अमेरिकेचा खंड ओलांडणाऱ्या रेल्वेचं वेड ज्याने घेतलं होतं तो थिओडोर जुडा. लोक त्याला "वेडा जुडा" म्हणत. सिएरा नेवाडाच्या बर्फाळ डोंगरांतून वाट आहे हे त्याने मोजून दाखवलं. वॉशिंग्टनला खेटे घालून कायदा करून घेतला. पण ज्या चार व्यापाऱ्यांनी पैसे घातले त्यांच्याशी त्याचं बिनसलं. त्यांचा हिस्सा विकत घेण्यासाठी दुसरे भांडवलदार शोधायला तो १८६३ च्या ऑक्टोबरमध्ये बायकोसह न्यूयॉर्कला निघाला. आता विचार करा, त्या वेळी कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला जायचं तर बोटीने पनामाला जायचं, तिथली छोटी रेल्वे ओलांडून पुन्हा बोट पकडायची. पनामात त्याला पीतज्वर झाला. २६ ऑक्टोबरला सॅक्रामेंटोला पहिला रूळ ठोकला गेला, आणि बरोबर सात दिवसांनी, २ नोव्हेंबरला जुडा न्यूयॉर्कमध्ये वारला. वय सदतीस. त्याची रेल्वे असती तर त्याला पनामाला जावंच लागलं नसतं.

तीन खंडांत तीन वाटा, आणि तिन्ही वाटा दाखवणारे तिघेही त्या वाटेवरून गेले नाहीत.

आपल्या घाटाला तर चौथी गोष्टही आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गेलेल्यांना शिंग्रोबाचं देऊळ माहीत असेल. पूर्वी एस.टी. तिथे आली की ड्रायव्हर वेग कमी करायचा आणि लोक खिडकीतून नाणी टाकायचे. लोककथा अशी, की साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची वाट त्याला दाखवली. साहेब म्हणाला, बक्षीस काय पाहिजे ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. याला कागदोपत्री पुरावा मागू नये, ही देवळाची गोष्ट आहे. पण लोकांनी ती कुणासाठी जपली हे मात्र कळतं. ज्याने वाट दाखवली त्याला ती वाट लाभली नाही, हे लोकांना वही न लिहिताच ठाऊक होतं.

तिघांच्या मागे तिघींची नावंही माझ्या पानावर आहेत. पिअर्सनची बायको मेरी चित्रकार होती, माणसांची चित्रं काढायची. पिअर्सनने हयातीत कंपनीकडून बक्षीस घ्यायचं नाकारलं होतं. रेल्वे सुरू झाल्यावर कंपनीने तिला वर्षाला २५० पौंड बांधून दिले. जुडाची बायको अ‍ॅना डोंगरात त्याच्याबरोबर हिंडली होती. पुढे सहा वर्षांनी, १० मे १८६९ ला, दोन्हीकडचे रूळ जुळले आणि सोन्याचा खिळा ठोकला गेला. सबंध देश नाचत होता. योगायोग असा, की तोच तिच्या लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी ती घरातच राहिली, कुणाला भेटली नाही.

तिसरी बर्कले यांची बायको नव्हे, ही आणखी वेगळी. बोरघाटाचं काम आधी फॅविएल नावाच्या कंत्राटदाराकडे होतं. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून तिथे मोठा दंगा झाला, आणि त्या वर्षी त्याने कंत्राट सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला, आणि आल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस परक्या मुलखात एकटी राहिली. कुणालाही वाटेल की बाई पहिल्या बोटीने परत गेली असेल. पण तिने कंत्राट आपल्या नावावर घेतलं, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनिअरांना कामावर नेमलं, आणि काम पुरं करून घेतलं. घाटाच्या कामाच्या जुन्या छायाचित्रांशीही तिचं नाव जोडलेलं आहे. त्या काळात, आपल्या घाटात, एका विधवा बाईच्या नावाने चालीस-बेचाळीस हजार माणसं काम करत होती! आमच्या पाठ्यपुस्तकात हे असतं तर मुलींना किती बरं वाटलं असतं.

बेचाळीस हजार हा आकडा मी सहज म्हणून लिहून गेले. १८६१ च्या सुरुवातीला तिथे एका वेळी इतकी माणसं होती. आणि त्यांची नावं?

लंडनला गटार फुटून चर बुडाला, तेव्हा चिखलात उतरलेल्यांची नावं माझ्या पानावर नाहीत. भुयारासाठी फ्लीट नदीच्या खोऱ्यातली गरिबांची घरं पाडली, त्यांचीही नाहीत. आणि ते सगळे पिअर्सनने म्हटल्यासारखे मोकळ्या हवेत गेले असंही नाही. बरेचसे शेजारच्याच गल्ल्यांत आणखी दाटीने राहिले. अमेरिकेत १८६५ पासून हजारो चिनी माणसांनी सिएराच्या बर्फात बोगदे पाडले. त्यातले किती मेले याची कंपनीने मोजदादच ठेवली नाही. २०१४ मध्ये तिथल्या कामगार खात्याने त्यांना सन्मानाच्या दालनात जागा दिली. दीडशे वर्षांनी का होईना, दिली. आणि बोरघाटात कॉलरा, ताप, सुरुंग, कडे, पाऊस यांनी किती गेले? काही इतिहासकारांनी हा अंदाज पंचवीस हजारांपर्यंत नेला आहे. पंचवीस हजार! आमच्या तालुक्याच्या गावाची वस्ती मी नोकरीला लागले तेव्हा एवढी नव्हती.

आता शेवटची गोष्ट, आणि ही लिहायला मला थोडी लाज वाटते आहे.

साल साधारण १९८४ असेल. मी दौंडच्या बाजूला एका शाळेत होते. सातवीच्या वर्गात रेल्वेचा धडा चालला होता. "बोरघाटाची रेल्वे कोणी बांधली?" असं मी विचारलं. वडार समाजातला एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. आईवडील खडी फोडायला जात, त्यामुळे वर्षातून चार महिने शाळेत नसायचा. तो कधी नव्हे तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमची आजी म्हणती, आमची माणसं घाटात खपली." वर्ग हसला. मी म्हटलं, "खपली असतील रे, मजूर खपतातच. पण पेपरात ते येणार नाही. जी. आय. पी. रेल्वे कंपनी, असं लिही. बस खाली." तो बसला. पुढे दिवाळीनंतर शाळेत आला नाही.

मी मराठीची शिक्षिका. "खपणे" या शब्दाचे अर्थ मुलांना मीच शिकवत असे. खपणे म्हणजे राबणे, कष्ट करणे. खपणे म्हणजे विकले जाणे. आणि खपणे म्हणजे मरणे. त्या दिवशी मी पहिला अर्थ घेतला आणि पुढे गेले. त्याच्या आजीला कोणता अर्थ सांगायचा होता, हे मला वीस-पंचवीस वर्षांनी कळलं, जेव्हा वाचनालयात बसून ते आकडे वहीत उतरवत होते. जी गोष्ट इतिहासकारांनी जुनी दप्तरं चाळून काढली, ती त्या म्हातारीला तोंडपाठ होती. आणि मी त्या पोराला खाली बसवलं होतं.

तो मुलगा आता पन्नाशीत असेल. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. पण १८६३ च्या पानावर, पिअर्सन, बर्कले आणि जुडा यांच्या खाली, मी शाईने एक ओळ लिहून ठेवली आहे: "आमची माणसं घाटात खपली. - इयत्ता सातवी, मागचा बाक." वहीतली ही एकच नोंद अशी आहे जी मी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात घाटाची, बोगद्यांची, रेल्वेच्या कामावर गेलेल्या माणसांची अशी एखादी ऐकीव गोष्ट असेल तर जरूर कळवा. तारीख नसली तरी चालेल. नुसतं "आजी म्हणायची" एवढं असलं तरी पुरे. पानाला अजून एक चिठ्ठी जोडायला जागा आहे.

डोळा दुखायला लागला. तूर्तास इतकंच.